यूट्यूब चालतंय, पण फॉर्मची साइट उघडत नाही? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

ग्रामीण वार्ताहर

घरचा कॉम्प्युटर चालू आहे, नेटचा रिचार्ज आहे, यूट्यूबवर व्हिडिओ लागतोय. पण नेमकी जी साइट पाहिजे तीच उघडत नाही. कधी सातबाऱ्याची, कधी पीकविम्याची, कधी पोरांच्या शिष्यवृत्तीची, तर कधी बँकेची. नुसतं गोल फिरत राहतं, नाहीतर लाल खूण येऊन इंग्रजीत काहीतरी लिहून येतं. मुदत दोन दिवसांवर आलेली असते. मग सीपीयू पिशवीत घालून तालुक्याला न्यायचा, तिथं कुणीतरी सांगतं की व्हायरस आहे, फॉरमॅट करावं लागेल. फॉरमॅट केला की लग्नाचे फोटो, हिशोबाच्या फायली, पोरांचे स्कॅन केलेले दाखले, सगळं जातं. आणि घरी येऊन बघावं तर साइट उघडत नाही ती नाहीच.

असं आपल्याकडे बऱ्याच घरी होतं. यातले बरेच बिघाड घरबसल्या, एक रुपया न घालता सापडतात. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. खिशातला मोबाइल आणि अर्धा तास, एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

ठिबकवर मोटर चालू आहे, दहा सऱ्यांना पाणी जातंय आणि दोनच कोरड्या आहेत, तर आपण मोटर वर काढत नाही. त्या दोन सऱ्यांची नळी, कॉक आणि ड्रिपर बघतो. इथंही तसंच आहे. काही साइट उघडतात याचा अर्थ नेट येतंय आणि कॉम्प्युटरही चालतोय. बिघाड कुठंतरी मधल्या एका जागी आहे, ती जागा शोधायची.

अशा जागा तीनच. एक, ती साइटच बंद पडली आहे. दोन, आपल्या घरी येणारी नेटची लाइन किंवा राऊटर. तीन, आपला कॉम्प्युटर. तिघांपैकी कोण, हे ठरल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

मोबाइलने करायची तीन तपासण्या

पहिली तपासणी : मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि तीच साइट मोबाइलवर उघडा. तिथंही उघडली नाही तर शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बघा. दोन्हीकडं बंद असेल तर साइटच बसलेली आहे, असं धरायला हरकत नाही. तुमच्या कॉम्प्युटरचा यात काही दोष नाही.

दुसरी तपासणी : मोबाइलवर साइट उघडली, तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोडा. जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नसेल तर चार्जिंगची केबल लावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आता कॉम्प्युटरवर साइट उघडली, तर दोष घरच्या लाइनचा किंवा राऊटरचा आहे. नाही उघडली, तर दोष कॉम्प्युटरमध्ये आहे.

तिसरी तपासणी : खात्री करायची असेल तर उलटं करून बघा. मोबाइलचा डेटा बंद करून मोबाइल घरच्या वायफायला जोडा. त्या वायफायवर मोबाइललाही साइट उघडत नसेल तर लाइनच्या दोषावर शिक्कामोर्तब झालं.

ज्यांच्याकडं लाइन नाही आणि कॉम्प्युटर कायम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच चालतो, त्यांनी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन बघावं.

स्क्रीनवर काय लिहून येतं ते वाचा

इंग्रजी दिसलं की आपण खिडकी बंद करतो. तसं करू नका, मोबाइलने त्याचा फोटो काढा. त्या एका ओळीत अर्धं उत्तर असतं.

'डीएनएस' हा शब्द असेल तर साइटचं नाव सापडत नाही. 'टाइम्ड आउट' असेल तर निरोप गेला, पण पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही. 'सर्ट' किंवा 'प्रायव्हेट नाही' असं असेल तर सुरक्षेच्या दाखल्याची अडचण आहे. ५००, ५०२, ५०३ असा आकडा असेल तर तुम्ही साइटपर्यंत पोचलात, गडबड त्यांच्या सर्व्हरवर आहे. ४०४ असेल तर ते पान आता त्या पत्त्यावर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जुनी लिंक उघडली की हे हमखास होतं. अशा वेळी साइटच्या पहिल्या पानावर जाऊन तिथून पुढं शोधा.

दोष कॉम्प्युटरमध्ये निघाला तर

सगळ्यात आधी तारीख बघा. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते. नुसती वेळ बघू नका. साल, महिना, एएम-पीएम सगळं बघा. टाइम झोन भारताचा, म्हणजे +५:३० असला पाहिजे.

तारखेचा आणि साइटचा काय संबंध, असं वाटेल. प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक डिजिटल दाखला असतो, इंग्रजीत त्याला सर्टिफिकेट म्हणतात. तहसीलमधून मिळणारा उत्पन्नाचा दाखला जसा ठरावीक मुदतीपुरता चालतो, तसाच हा. आता हे दाखले थोड्या मुदतीचेच असतात, बरेच तर काही महिन्यांचेच. साइट उघडताना ब्राउझर दाखल्यावरची मुदत आणि आपल्या कॉम्प्युटरची तारीख ताडून बघतो. कॉम्प्युटर दहा दिवस मागं असेल, तर ज्या साइटने गेल्या आठवड्यात नवा दाखला घेतला तो त्याला 'अजून सुरूच न झालेला' वाटतो आणि तेवढीच साइट अडते. बाकीच्या चालतात. कॉम्प्युटर काही वर्षं मागं गेला, तर जवळपास सगळंच अडतं.

तारीख दुरुस्त करा. विंडोज १० आणि ११ मध्ये तारखेवर उजवं क्लिक करून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा. तिथं 'सिंक नाउ' असं बटण असतं, ते दाबलं की वेळ नेटवरून आपोआप बरोबर होते.

दुरुस्त केलेली तारीख लाइट गेल्यावर पुन्हा मागं जात असेल, तर सीपीयूच्या आतला गोल बटण सेल संपला आहे. मदरबोर्डवर बसवलेला ३ व्होल्टचा हा सेल असतो, बहुतेक कॉम्प्युटरला सीआर २०३२ या नंबरचा लागतो. वीज बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. आपल्याकडं भारनियमन, त्यात आपण मेन स्विचही बंद करून ठेवतो, म्हणून सगळा भार या सेलवर येतो. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो. बदलताना प्लग काढून ठेवा आणि सेल कोणत्या बाजूने बसवला होता त्याचा आधी फोटो घ्या.

दुसरं, खासगी खिडकीत उघडून बघा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकदम दाबली की काळी 'इनकॉग्निटो' खिडकी उघडते. तिथं साइट उघडली तर साठलेला जुना डेटा किंवा ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्स्टेंशन आडवं येतंय. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबा, 'कुकीज' आणि 'कॅश' यांवर खूण करा आणि पुसा. 'पासवर्ड' वर मात्र खूण करू नका, नाहीतर सेव्ह केलेले सगळे पासवर्ड जातील. कुकीज पुसल्यावर साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

तिसरं, व्हीपीएन आहे का बघा. मागच्या खरिपात आमच्या शिवारातल्या एका घरी हाच प्रकार झाला. यूट्यूब चालू, बातम्या चालू, गाणी चालू, पण एकही सरकारी साइट उघडेना. पीकविम्याचा अर्ज राहिलेला. कॉम्प्युटर फॉरमॅटला न्यायची तयारी झाली होती. बघितलं तर घरातल्या पोराने गेमसाठी फुकटचं व्हीपीएन टाकलेलं. व्हीपीएन आपला कॉम्प्युटर परदेशात असल्याचं दाखवतं, आणि बऱ्याच सरकारी साइट सुरक्षेसाठी भारताबाहेरून उघडू देत नाहीत. व्हीपीएन बंद केलं आणि साइट लगेच उघडली. नोकरीसाठी परदेशात असलेल्या आपल्या माणसांना तिथून गावच्या कामाची साइट का उघडत नाही, त्यामागंही बऱ्याचदा हेच कारण असतं. अशा वेळी कागद इथल्या घरच्या माणसाने काढून पाठवणं सोपं.

चौथं, प्रॉक्सी. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये 'प्रॉक्सी' असतं. घरच्या कॉम्प्युटरला 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' ची गरज नसते. तुम्ही चालू न करता ते चालू दिसलं, तर बंद करा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. बाकी सगळं उघडतं, पण फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि विंडोज अपडेटच्या साइट उघडत नाहीत, असं असेल तर व्हायरसचा संशय घ्यायला जागा आहे. २००८ साली जगभर पसरलेला कॉनफिकर नावाचा व्हायरस असंच करायचा. आपल्यावरचं औषध मिळू नये म्हणून त्याच साइट अडवायचा.

पाचवं, कॉम्प्युटरच जुना आहे का? मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची साथ १४ जानेवारी २०२० ला सोडली. क्रोमची १०९ नंबरची आवृत्ती विंडोज ७ वरची शेवटची. त्यापुढची क्रोम त्यावर बसतच नाही. साइट मात्र दरवर्षी नवी कुलपं लावतात, आणि जुन्या ब्राउझरकडं त्या कुलपांच्या किल्ल्या नसतात. ३० सप्टेंबर २०२१ ला दाखले देणाऱ्या एका मोठ्या यंत्रणेच्या मूळ दाखल्याची मुदत संपली, तेव्हा अपडेट न झालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर बऱ्याच साइट एका दिवसात अडल्या होत्या. विंडोज ७ असेल तर फायरफॉक्सची ११५ नंबरची आवृत्ती टाकून बघा. विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आहे. फायरफॉक्स दाखल्यांची यादी स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळं क्रोममध्ये अडलेली साइट तिथं उघडू शकते. पण हा तात्पुरता उपाय आहे. अशा जुन्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करू नका.

दोष लाइनचा निघाला तर

राऊटरचा प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. हसू नका, बऱ्याच वेळा एवढ्यानं भागतं.

नाही भागलं तर डीएनएस बदलून बघा. मोबाइलमध्ये आपण माणसाचं नाव शोधतो आणि फोन नंबरला लागतो, तसंच नेटचं आहे. साइटचं नाव आपण टाकतो, पण खरा पत्ता आकड्यांचा असतो. नावावरून आकडा शोधून देणारी वही म्हणजे डीएनएस. तुमच्या नेटवाल्याच्या वहीत एखादा नंबर जुना राहिला, तर तेवढीच साइट लागत नाही. क्रोमच्या 'सेटिंग्ज' मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'सिक्युरिटी', त्यात 'यूज सिक्युअर डीएनएस' असं आहे. तिथं गूगल किंवा क्लाउडफ्लेअर निवडा. गूगलची वही ८.८.८.८ या नंबरवर आहे, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ वर. दोन्ही फुकट आहेत.

तरीही काही साइट अर्ध्याच उघडतात, नुसती पांढरी पानं येतात, किंवा फोटो अपलोड करताना फॉर्म तिथंच अडकतो, आणि हॉटस्पॉटवर मात्र सगळं नीट चालतं? मग 'एमटीयू' चा दोष असू शकतो. नेटवरची माहिती लहान लहान गठ्ठ्यांत जाते. साधारण गठ्ठा १५०० बाइटचा असतो. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या अनेक लाइनी 'पीपीपीओई' पद्धतीच्या असतात. त्या पद्धतीत ८ बाइट तिच्याच कामाला लागतात आणि गठ्ठ्याला १४९२ उरतात. बांधावरचं फाटक अरुंद आणि ट्रॉली रुंद, तशी गत होते. रिकामा बैल जातो, भरलेली ट्रॉली अडते. लहान पानं उघडतात, जड पानं अडतात. गठ्ठा छोटा कर हा निरोप परत पाठवायची सोय नेटमध्ये आहे, पण काही साइटकडं तो निरोप मधेच अडवला जातो, म्हणून सगळ्या नाही, तेवढ्याच साइट अडकतात. राऊटर स्वतः उघडत बसू नका. नेटवाल्याला फोन करून सांगा, "राऊटरचा एमटीयू १४९२ आहे का बघा." जाणता माणूस पाच मिनिटांत करतो.

साइटच बंद असेल तर

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळा जिल्हा, सगळं राज्य एकाच साइटवर तुटून पडतं. तेव्हा तुमच्या हातात करण्यासारखं एवढंच : पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा, त्या वेळी गर्दी कमी असते. पैसे भरताना पान अडकलं तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आधी बँकेचा मेसेज आणि खातं बघा, पैसे कटले का ते पाहूनच पुढं जा. आणि साइट बंद असल्याचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. पुढं कार्यालयात बोलायची वेळ आली तर तोंडी सांगण्यापेक्षा फोटो बरा.

साइट उघडते, फॉर्म भरला जातो, पण पावतीच येत नाही, असंही होतं. तेव्हा पत्त्याच्या ओळीच्या उजव्या टोकाला लहान खूण दिसते का बघा. ब्राउझरने नवीन खिडकी, म्हणजे 'पॉप-अप', अडवलेली असते. त्या खुणेवर क्लिक करून त्या साइटपुरती परवानगी द्या. एवढ्यासाठी अर्ज दुसऱ्यांदा भरू नका.

घाईत या चार गोष्टी करू नका

लाल इशारा आला की 'अ‍ॅडव्हान्स्ड' वर जाऊन 'तरीही पुढे जा' दाबायचं, हा सल्ला गावागावात मिळतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर त्या पानावर आधार नंबर, ओटीपी, बँकेचा पासवर्ड काहीही टाकू नका.

साइट उघडत नाही म्हणून गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. तिथं भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. नंबर नेहमी त्या कार्यालयाच्या खऱ्या साइटवरून, पासबुकवरून किंवा कार्डावरून घ्या.

फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकू नका. तुमची स्क्रीन दिसली की ओटीपीही दिसतो.

खरी साइट उघडेना म्हणून तशाच नावाच्या दुसऱ्या साइटवर फॉर्म भरू नका. सरकारी साइटच्या मुख्य नावाच्या शेवटी बहुतेक वेळा 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असतं. नाव मधेच कुठंतरी असून चालत नाही, शेवट बघायचा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.

दुकानात न्यावाच लागला तर

एवढं करून जमलं नाही तर दुकानात न्यायला लाज नाही. पण 'नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून न्या : कोणत्या साइट उघडतात, कोणत्या नाही, हॉटस्पॉटवर उघडली की नाही, स्क्रीनवर काय लिहून आलं, त्याचा फोटो. एवढं हातात असलं की चांगल्या कारागिराचं काम निम्मं होतं, आणि नुसतं फॉरमॅटवर ढकलणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. फॉरमॅट करायचंच ठरलं, तर फोटो, फायली आणि दाखले आधी पेनड्राइव्हवर आपल्या डोळ्यांसमोर उतरवून घ्या.

आणि मुदत अगदी उद्याच असेल तर कॉम्प्युटरशी झटत बसू नका. कागदपत्रं घेऊन जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससीवर जा, अर्ज भरा, पावती हातात घ्या. कॉम्प्युटर परवाही दुरुस्त होईल, गेलेली तारीख परत येत नाही.